शोधपत्रिका आणि लोकप्रिय मासिके : बौद्धविद्येच्या इतिहासातील एक भेदरेषा

वैशाख पौर्णिमा, अशोक विजयादशमी आणि महापरिनिर्वाण दिन या निमित्तांनी महाराष्ट्रात दरवर्षी अनेक विशेषांक प्रसिद्ध होतात. त्यांत लेणी, स्तूप, शिलालेख, सम्राट अशोक, नागवंश अशा विषयांवर पुष्कळ ऐतिहासिक लेखन असते. हे लेखन वाचून कार्यकर्ता भाषण तयार करतो, शिक्षक मुलांना इतिहास सांगतो, विद्यार्थी आपल्या प्रबंधात त्याचा आधार घेतो. एखादे विधान कोठे छापले गेले, ते कोणत्या पद्धतीने तपासले गेले आणि त्यास कोणता पुरावा आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. छापलेले ते सर्व सारख्याच मोलाचे, असा एक समज आपल्यात रूढ झाला आहे. या समजाची उलट बाजूही तितकीच घातक आहे. तळटीपा असलेला, इंग्रजीत छापलेला लेख तेवढाच ज्ञान आणि मराठी मासिकातील लेख म्हणजे केवळ प्रचार, असे मानणारा एक वर्ग आहे. शोधपत्रिका आणि लोकप्रिय मासिक यांतील भेद खरोखर कशात आहे, हे बौद्धविद्येच्या आधुनिक इतिहासातील काही उदाहरणांवरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या प्रश्नाचे मूळ सूत्र बौद्ध परंपरेतच सापडते. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत. कोणी भिक्खू म्हणेल की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. कोणी म्हणेल की अमुक आवासातील संघाकडून, अनेक बहुश्रुत थेरांकडून वा एका बहुश्रुत थेराकडून ऐकले. अशा वेळी त्या वचनाचे एकदम अभिनंदनही करू नये आणि एकदम धिक्कारही करू नये. ते नीट समजून घेऊन सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे. जुळले तर स्वीकारावे, न जुळले तर सोडून द्यावे. सांगणारा कितीही थोर असला तरी ताडून पाहण्याचे कर्तव्य ऐकणाऱ्यावर राहते. शोधपत्रिका ही संस्था आधुनिक काळात निर्माण झाली असली तरी तिच्या मुळाशी असलेला नियम हाच आहे.

प्रिन्सेप आणि टर्नर : भर सभेत दुरुस्ती

अशोकाच्या शिलालेखांची लिपी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये उलगडली, हे सर्वश्रुत आहे. हे काम ज्या नियतकालिकातून जगासमोर आले ते कलकत्त्याचे 'जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगाल' हे १८३२ पासून प्रसिद्ध होत होते आणि प्रिन्सेप स्वतःच त्याचे संपादन करीत. लिपी वाचता आल्यावर 'देवानंपिय पियदसि' हा राजा कोण, असा प्रश्न उभा राहिला. प्रिन्सेप यांनी प्रथम असे अनुमान केले की हा सिंहलद्वीपाचा राजा देवानंपिय तिस्स असावा. त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार हे अनुमान अगदीच निराधार नव्हते. परंतु सिंहलमध्ये शासकीय सेवेत असलेले आणि महावंसाचे भाषांतर करणारे जॉर्ज टर्नर यांना दीपवंसात असा आधार मिळाला की पियदस्सी हे चंद्रगुप्ताचा नातू अशोक याचेच नाव होय. टर्नर यांनी ते कळविले आणि ज्या पत्रिकेत मूळ अनुमान छापले होते त्याच पत्रिकेत, त्याच वर्षी, दुरुस्तीही छापली गेली.

या घटनेत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की प्रिन्सेप यांचे पहिले अनुमान चुकीचे ठरल्याने पत्रिकेची प्रतिष्ठा कमी झाली नाही. लेखाचा मूळ पाठ, अक्षरांचे ठसे आणि अनुमानाची कारणे वाचकांसमोर मांडलेली असल्यामुळेच शेकडो मैल दूर बसलेल्या अभ्यासकाला चूक दाखविता आली. पुढे १९१५ मध्ये मस्की येथील लेखात 'अशोक' हे नावच प्रत्यक्ष आढळले आणि टर्नर यांच्या निर्णयाला शिलालेखाचा पुरावा मिळाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अंतराने मिळालेला हा दुजोरा आधीच्या विधानाशी जोडता आला, कारण ते विधान कोणत्या आधारावर केले होते याची नोंद छापील स्वरूपात शिल्लक होती.

फ्यूरर प्रकरण : तळटीपा म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे

याच्या अगदी उलट उदाहरण लुंबिनी-कपिलवस्तूच्या शोधाच्या इतिहासात आहे. आलॉइस अँटन फ्यूरर हा जर्मन पंडित त्या वेळच्या वायव्य प्रांत आणि अवध येथे पुरातत्त्व सर्वेक्षक होता. डिसेंबर १८९६ मध्ये रुम्मिनदेई येथील अशोकस्तंभावरील लेख उघडकीस आला. तो अस्सल आहे आणि बुद्धाचे जन्मस्थान निश्चित करणारा तोच मुख्य पुरावा होय. परंतु या अस्सल शोधाच्या आजूबाजूस फ्यूरर याने पुष्कळ बनावट रचना केली. निगाली सागर येथील स्तंभाजवळ कोणागमन बुद्धाचा भव्य स्तूप आपण पाहिला, असे त्याने मोजमापांसह लिहिले. तेथे असा स्तूप मुळीच नव्हता. सागरवा येथील उत्खननात शाक्यांची नावे असलेले लेख सापडल्याचेही त्याने दाखविले. ब्रह्मदेशातील एका भिक्खूस त्याने बनावट अवशेषही पुरविल्याचे उघडकीस आले.

फ्यूररचा ग्रंथ १८९७ मध्ये सरकारी प्रकाशन म्हणून निघाला होता. त्यास विद्वत्तेचा सर्व साज होता. पदवी, हुद्दा, मोजमापे, संदर्भ, चित्रे यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. तरीही तो खोटा होता. १८९८ च्या आरंभी व्हिन्सेंट स्मिथ यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली तेव्हा बनाव उघड झाला. फ्यूरर यास पद सोडावे लागले आणि त्याचा ग्रंथ सरकारने मागे घेतला. १८९९ मध्ये पूर्णचंद्र मुखर्जी यांनी तराईतील त्या स्थळांची नव्याने पाहणी केली आणि त्यांचा अहवाल स्मिथ यांच्या प्रस्तावनेसह १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्यूररने वर्णिलेल्या वस्तू जागेवर नाहीत हे त्यात स्पष्टपणे नोंदविले आहे.

बौद्ध वाचकाने या प्रकरणापासून दोन बोध घ्यावेत. पहिला हा की विद्वत्तेचे बाह्यरूप खोटेपणाला आवर घालीत नाही. दुसरा हा की ज्या लेखनात स्थळ, दिशा, अंतर आणि माप दिलेले असते ते लेखन आपल्याच नाशाचे साधनही बरोबर घेऊन चालते. फ्यूररने 'अमुक गावाजवळ इतके फूट' असे लिहिले नसते तर त्याला खोटे ठरविणे कठीण झाले असते. तपासता येणे हाच शोधलेखनाचा खरा गुण होय. तपासून खरे ठरणे ही त्यापुढची पायरी आहे.

धर्मानंद कोसंबी : बालबोधपासून इंडियन अँटिक्वरीपर्यंत

आता महाराष्ट्र आणि गोव्याकडे वळू. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना बुद्धाची ओळख झाली ती कोणत्याही विद्वन्मान्य पत्रिकेतून नव्हे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी सुरू केलेल्या 'बालबोध' या मराठी मासिकातील एका साध्या चरित्रलेखाने त्यांचे मन बुद्धाकडे ओढले गेले. त्या लेखात तळटीपा नव्हत्या, पालि वचने नव्हती. तरी त्या ओढीने हा तरुण घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि अखेर सिंहल येथे गेला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांच्या हाताखाली त्याने पालि वाङ्मयाचे अध्ययन केले. भारतात पालिविद्येच्या पुनरुज्जीवनात ज्यांचा वाटा मोठा, त्यांच्या जीवनाला वळण देणारा लेख मुलांच्या मासिकात छापला गेला होता, हे लोकप्रिय नियतकालिकांना तुच्छ लेखणाऱ्यांनी विसरू नये.

याच कोसंबींचा एक छोटा शोधनिबंध १९१२ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. ही पत्रिका जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये मुंबईत सुरू केली होती. निबंधाचा विषय होता अशोकाचा भाब्रू लेख. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या या लेखात अशोकाने संघाला अभिवादन करून सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत : विनयसमुकसे, अलियवसानि, अनागतभयानि, मुनिगाथा, मोनेयसुते, उपतिसपसिने आणि असत्य भाषणासंबंधी भगवान बुद्धांनी सांगितलेला लाघुलोवाद. हे पर्याय भिक्खू-भिक्खुणींनी तसेच उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत आणि त्यांचे मनन करावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे.

ही सात नावे आजच्या तिपिटकातील कोणत्या पाठांची, यावर विद्वानांत दीर्घकाळ चर्चा झाली. कोसंबींनी मुनिगाथा म्हणजे सुत्तनिपातातील मुनिसुत्त, मोनेयसुते म्हणजे नालकसुत्त आणि उपतिसपसिने म्हणजे सारिपुत्तसुत्त असे दाखविले. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी मोनेयसुते या नावाचा संबंध इतिवुत्तक व अंगुत्तरनिकायातील मोनेय्यविषयक पाठाशी जोडला होता. विनयसमुकसे म्हणजे काय याविषयी तर प्रातिमोक्ष, पहिले धम्मप्रवचन अशी अनेक मते मांडली गेली. बेणीमाधव बरुआ यांच्यासारख्या पंडितांनी त्यात आणखी भर घातली. लाघुलोवाद म्हणजे मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक-राहुलोवादसुत्त, याविषयी मात्र सर्वसाधारण एकमत आहे.

या चर्चेचे महत्त्व असे की त्रिपिटकाचा काही भाग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात नावानिशी प्रचलित होता, याचा हा शिलाबद्ध पुरावा आहे. पालि वाङ्मयाची प्राचीनता सिद्ध करण्यासाठी 'आमची श्रद्धा आहे' असे म्हणून भागत नाही. प्रत्येक नावासमोर निकाय, वग्ग आणि सुत्त मांडावे लागते आणि दुसऱ्या पंडिताचे वेगळे मत असेल तर तेही नोंदवावे लागते. कोसंबींचा निबंध अवघ्या चार पृष्ठांचा होता. पण त्यातील प्रत्येक ओळ तिपिटक हातात घेऊन तपासता येत होती.

कोसंबी तेथेच थांबले नाहीत. १९४० आणि १९४१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात त्यांनी हीच भाब्रू लेखाची चर्चा सामान्य मराठी वाचकासमोर मांडली आणि तीही मूळ आधारांसह. मुलांच्या मासिकातून जे बीज मिळाले ते शोधपत्रिकेत तपासून, पुन्हा मराठी वाचकाच्या ओंजळीत परत दिले, असा हा प्रवास आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर : एकच विचार, दोन रूपे

ज्या 'इंडियन अँटिक्वरी'त १९१२ मध्ये कोसंबींचा निबंध आला, त्याच पत्रिकेच्या मे १९१७ च्या अंकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'भारतातील जाती' हा प्रसिद्ध निबंध छापला गेला. कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी तो वाचला गेला होता. या दोघा महापुरुषांची बुद्धाशी पहिली ओळख लोकांसाठी लिहिलेल्या मराठी वाङ्मयातून झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, १९०७ मध्ये, कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र तरुण भीमरावांना भेट दिले होते.

१९१७ च्या निबंधात बाबासाहेबांनी सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीविषयक व्याख्या एकेक करून घेतल्या, त्यांतील उणिवा दाखविल्या आणि बेटीबंदी हे जातीचे मुख्य लक्षण होय, जात म्हणजे बंदिस्त वर्ग, असा सिद्धान्त मांडला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा त्या बेटीबंदीशी कार्यकारणसंबंध जोडला. निबंधाच्या शेवटी त्यांनी स्पष्ट केले की आपला सिद्धान्त टिकणारा नाही असे कोणी दाखवून दिल्यास तो सोडून देण्यास आपण तयार आहोत. आपल्या मताला प्रतिवादाचे दार उघडे ठेवणे हे शोधलेखनाचे लक्षण त्यांनी वयाच्या पंचविशीतच आत्मसात केले होते. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील त्यांचा लेख भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्यास छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य लाभले होते. या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. १९१७ मधील 'बंदिस्त वर्ग' आणि १९२० मधील 'शिडी नसलेला मनोरा' हा विचार मुळात एकच आहे. पहिल्या वेळी तो समाजशास्त्रज्ञांच्या व्याख्यांशी झुंज देत मांडला, कारण वाचक त्या व्याख्या जाणणारा होता. दुसऱ्या वेळी तो एका चित्रात मांडला, कारण वाचक त्या मनोऱ्याच्या तळमजल्यावर राहत होता. निबंधातील सर्व पुरावा 'मूकनायका'त दिला असता तर तो कोणी वाचला नसता. मनोऱ्याची उपमा 'इंडियन अँटिक्वरी'त पुराव्यावाचून दिली असती तर ती कोणी मान्य केली नसती.

यानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत', २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'जनता'चेच नवे नाव म्हणून 'प्रबुद्ध भारत' असा हा प्रवाह चालू राहिला. दुसरीकडे 'शूद्र पूर्वी कोण होते?' (१९४६) आणि 'अस्पृश्य मूळचे कोण?' (१९४८) हे संशोधनग्रंथ सिद्ध झाले. त्यांपैकी दुसऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, जेथे पुराव्याची साखळी तुटलेली आहे तेथे आपण अनुमानाचा आश्रय घेतला आहे, हे बाबासाहेबांनी मोकळेपणाने सांगून ठेवले आहे. पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते ही सीमा वाचकाला दाखविणे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे गमक आहे. त्यांच्या अनुमानाचा आधार घेणाऱ्या नंतरच्या लेखकांनी ही सीमारेषा अनेकदा पुसून टाकली आणि अनुमानाला सिद्ध इतिहास म्हणून मांडले. यात बाबासाहेबांचा गौरव होत नाही.

या दोन प्रवाहांच्या मधली एक जागाही आहे. अनागारिक धम्मपाल यांनी मे १८९२ मध्ये सुरू केलेल्या 'महाबोधि' या मासिकात धम्मप्रचार, संस्थेचे वृत्त आणि अभ्यासपूर्ण लेख एकत्र येत. १९५० च्या वैशाख अंकात बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य यावरील लेख याच मासिकात आला. तो धर्मांची तुलना करणारा, निर्णयाकडे नेणारा लेख आहे. त्याला शोधनिबंधाच्या कसोट्या लावणे जसे अयोग्य, तसे त्यातील एखादे वाक्य ऐतिहासिक पुरावा म्हणून उद्धृत करणेही अयोग्य. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात मूळ पालि आधारांचे संदर्भ दिलेले नव्हते. हा ग्रंथ धम्म स्वीकारणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती जावा म्हणून लिहिलेला होता. पुढे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याचा हिंदी अनुवाद करताना पालि वाङ्मयातील मूळ स्थळे परिश्रमपूर्वक शोधून काढली. लोकांसाठी लिहिलेल्या ग्रंथाला विद्वानाने अशी तपासणीची वाट करून द्यावी, यापरते सहकार्याचे चांगले उदाहरण नाही.

भेद पुसला की काय गमावते

हा भेद पाळला नाही तर नुकसान कोणाचे होते? याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. महाराष्ट्रातील सर्व लेणी सम्राट अशोकाने खोदविली, असे विधान भाषणांत आणि लेखांत अनेकदा आढळते. ते कालदृष्ट्या टिकत नाही. अशोकाचा महाराष्ट्राशी संबंध दाखविणारा पुरावा सोपारा येथे आहे. तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये नवव्या शासनाचा. कार्ले येथील चैत्यगृह मात्र अशोकानंतर दीर्घकाळाने कोरले गेले.

ते कोणी कोरविले हे त्याच्याच भिंतींवर आणि स्तंभांवर लिहिलेले आहे. एमिल सेनार्ट यांनी ते लेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या सातव्या खंडात प्रसिद्ध केले. वैजयंतीचा सेठी भूतपाल, धेनुकाकट येथील यवन, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, दरवाजा घडविणारा सुतार सामि, अशी दात्यांची आणि कारागिरांची नावे तेथे आहेत. म्हणजे सम्राटाच्या एका आज्ञेने नव्हे, तर व्यापारी, कारागीर आणि परदेशी उपासक यांच्या दानातून हे चैत्य उभे राहिले. ज्या समाजाला शतकानुशतके हीन लेखले गेले, त्या समाजाच्या आजच्या वारसांना सुतार सामीचे नाव अशोकाच्या नावाइतकेच अभिमानास्पद वाटले पाहिजे. चुकीच्या विधानाने आपण सामीला पुन्हा एकदा अनामिक करतो. शिवाय लेण्यांच्या मालकीविषयी वाद उपस्थित झाला की प्रतिपक्ष आपले एक चुकीचे विधान पुढे करतो आणि त्या आडून आपले दहा खरे पुरावे नाकारतो.

दुसरे उदाहरण कालामसुत्ताचे. 'स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना' असा या सुत्ताचा सारांश लोकप्रिय लेखनात सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात अंगुत्तरनिकायातील या सुत्तात ज्या दहा आधारांवर विसंबू नये म्हणून सांगितले आहे, त्यांत अनुश्रव, परंपरा आणि पिटकसंपदा यांबरोबर तर्क आणि नय यांचाही समावेश आहे. शिवाय कुशल-अकुशल ओळखताना सुज्ञ लोक कशाची प्रशंसा करतात आणि कशाची निंदा करतात, हेही पाहण्यास सांगितले आहे. बुद्धाने अंधश्रद्धेबरोबर आपल्या एकट्याच्या तर्काच्या अहंकारासही वेसण घातली आहे. सोपे करताना सुत्ताचा अर्धा भाग गळून गेला आणि उरलेला अर्धा भाग वाचकाला खूश करणारा झाला.

कसोट्या

या सर्व विवेचनावरून वाचकाला उपयोगी पडतील अशा काही कसोट्या निघतात. पहिली : विधानाला पत्ता आहे काय? 'एका शिलालेखात म्हटले आहे' हा पत्ता नव्हे. कोणते स्थळ, कोणता लेख, कोणी कोठे प्रसिद्ध केला, हे सांगितले पाहिजे. दुसरी : छापण्यापूर्वी तो लेख विषय जाणणाऱ्या कोणी वाचला काय? कोसंबी आणि आंबेडकर यांच्या काळी ही जबाबदारी बहुधा संपादकाचीच असे. लेखकाचे नाव झाकून परीक्षकांकडे लेख पाठविण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रुळली. तिसरी : लेखक विरुद्ध मत नोंदवितो काय? चौथी : ते नियतकालिक दुरुस्ती आणि प्रतिवाद छापते काय? पाचवी : लेख कोणासाठी लिहिला आहे, ज्ञान तपासणाऱ्यांसाठी की ते जाणू इच्छिणाऱ्यांसाठी?

काही खुणा मात्र फसव्या आहेत. आठ आकडी आयएसएसएन क्रमांक हा त्यांपैकी एक. तो केवळ नियतकालिकाची ओळख पटविणारा क्रमांक आहे. दैनिकालाही मिळतो, करमणुकीच्या मासिकालाही मिळतो. त्यावरून दर्जा ठरत नाही. प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या छापील लेखांच्या संख्येशी जोडल्या गेल्यावर, पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या तथाकथित शोधपत्रिकांचे पीक आले. त्यास आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये 'केअर' यादीची योजना जाहीर केली आणि २०२५ मध्ये ती बंद केली. यादी असो वा नसो, वाचकाला स्वतः तपासण्याच्या कर्तव्यातून सुटका नाही, हे महापदेशांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. फ्यूररच्या ग्रंथावर तर सरकारचीच मुद्रा होती.

शोधपत्रिकांची एक मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. ज्यांना अक्षरओळख नाकारली गेली त्यांच्या जीवनाला या पत्रिकांत दीर्घकाळ स्थान नव्हते. ते 'मूकनायका'सारख्या पत्रांनीच मिळवून दिले. पुराव्याचा नियम निःपक्षपाती असला तरी कोणत्या प्रश्नाचा पुरावा शोधायचा, हे माणसेच ठरवितात. म्हणून आपल्या चळवळीला दोन्ही प्रकारची नियतकालिके हवीत. विहारात वाचले जाणारे मासिक वाचकाच्या मनात प्रश्न जागा करील आणि शोधपत्रिका त्याचे उत्तर तपासून देईल. मासिकाच्या संपादकाने प्रत्येक ऐतिहासिक लेखाखाली निदान एक ओळ आधाराची द्यावी. संशोधकाने आपला निष्कर्ष वर्षातून एकदा तरी साध्या मराठीत उपासकांसाठी लिहावा. एवढ्याने पुष्कळ अंतर कमी होईल.

अशोकाने ज्या सात पाठांची नावे शिळेवर कोरविली, त्यांतील शेवटचा पाठ असत्य भाषणासंबंधी आहे. त्या राहुलोवादसुत्तात तथागत बालक राहुलास विचारतात की आरसा कशासाठी असतो. राहुल उत्तर देतो की पाहण्यासाठी. त्याचप्रमाणे कायेने, वाचेने आणि मनाने कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पुन्हा पुन्हा पाहावे, असा उपदेश तथागत करतात. छापील शब्द हेही वाचेचेच कर्म आहे. लिहिण्यापूर्वी, छापताना आणि छापून झाल्यावर ते पाहिले गेले पाहिजे. ज्या नियतकालिकात असे पाहण्याची सोय आहे, ते जाड असो वा पातळ, इंग्रजीत असो वा मराठीत, त्यावर विश्वास ठेवण्यास आधार आहे. अशोकाने हा पाठ भिक्खूंबरोबर उपासक-उपासिकांनाही ऐकावयास सांगितला होता; म्हणून तपासण्याची ही जबाबदारी पंडितांइतकीच आपणा वाचकांचीही आहे.